मुळे शेताबाहेर काढावीत

डॉ. मोरेश्वर आठल्ये यांना मूर्ख माणसांचा राग येत नसे, कंटाळा येत असे. रागवायचं तर समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते. बोरवेखार गावात किंमत द्यावी असं माणूस त्यांना आठ वर्षांत भेटलं नव्हतं.

मार्चमधल्या त्या सोमवारी आरोग्यसेविका निकिता तांडेल एक बंद डबा पोटाशी धरून मृदाशुद्धी केंद्राच्या दारात उभी राहिली, तेव्हा ते तांदळाच्या दाण्यांवर धातुमापक रोखून बसले होते. हे यंत्र केस वाळवायच्या यंत्राएवढं होतं. ज्यावर रोखावं त्यातल्या धातूंचे आकडे ते चार सेकंदांत दाखवी. गावकरी त्याला ‘डॉक्टरची बंदूक’ म्हणत.

“सर, पाच मिनिटं हवी होती.”

“पाच मिनिटांत तुम्ही किती चुकीचं बोलू शकता ते मागच्या महिन्यात ऐकलंय, तांडेलबाई. बसा.”

निकिता बसली नाही. सत्तावीस वर्षांची, याच गावची मुलगी. या माणसासमोर खुर्चीत बसलं की बोलायचं विसरतं, हे तिला अनुभवानं कळलं होतं. ती उभ्यानंच म्हणाली, “चाळिशीपुढच्या चव्वेचाळीस बायका तपासल्या. एकतीस जणींच्या लघवीत बीटा-दोन प्रथिन आलंय. हे प्रथिन मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या परत शोषून घेतात. नळ्या झिजल्या की ते निसटतं. आणि नळ्या झिजवण्यात कॅडमियम...”

“हे तुम्ही मला शिकवताय?”

“नाही सर. सांगतेय.”

“मशेरी लावतात का या बायका?”

“बऱ्याच जणी लावतात.”

“तंबाखूत कॅडमियम असतं, हे तुमच्या अभ्यासक्रमात होतं, की त्या दिवशी गैरहजर होतात?”

“मशेरी न लावणाऱ्या अकरा आहेत. त्यांतल्या आठ जणींना निघालंय.”

“अकरा!” आठल्यांनी बंदूक टेबलावर ठेवली. “अकरा बायकांना नमुना म्हणत नाहीत, बाई. हळदीकुंकू म्हणतात.”

निकिताचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. “मग राहतो भातच,” ती म्हणाली.

तिनं हे आज म्हणायला नको होतं. शुक्रवारी आठल्यांना ‘रोधक’ भाताचा पाच वर्षांचा अखेरचा अहवाल पाठवायचा होता. तो गेला की देशातल्या चाळीस जिल्ह्यांत, जिथं जिथं माती विषारी झाली होती तिथं, या पावसाळ्यापासून रोधकची लावणी होणार होती. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात आठल्यांनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, मित्र जोडले नाहीत. केलं ते एवढंच.

“भात,” ते शांतपणे म्हणाले. “या गावात रोधकचा भात सगळ्यांत जास्त कोण खातं, माहीत आहे? मी. दोन्ही वेळा, पाच वर्षं. तंबाखू नाही, सुपारीही नाही. पाणी गाळून पितो. भातात दोष असेल तर माझ्यात दिसला पाहिजे. माझा नमुना घ्या. तुमच्या त्या एकतीस बायकांशेजारी ठेवा आणि मग गावभर बोंब मारत फिरणं बंद करा.”

त्यांनी तिच्या डब्यातली कुपी स्वतःच उचलली आणि आतल्या खोलीत गेले.

*

आठल्यांचा तोरा अगदीच फुकटचा नव्हता. ते या गावी आले तेव्हा खाडीलगतच्या दोनशे एकरांत पिकलेला तांदूळ कोंबड्यांनाही घालू नये असा होता. वरच्या अंगाला जुन्या सौरपट्ट्या फोडून त्यांतले धातू काढणारा एक कारखाना होता. एका वर्षी मोठ्या भरतीला खाडीचा बांध फुटला आणि कारखान्यामागच्या तळ्यातलं आम्लाचं पाणी शेतांत पसरलं. कारखाना बंद पडला, मालक परदेशी गेला. कॅडमियम राहिलं. धातू कुजत नाही, उडून जात नाही, विसरतही नाही.

ते भातात शिरतं पुढच्या दारानं. भाताला मँगनीज लागतं. ते आत घ्यायला मुळांच्या पेशींवर खास दारं असतात. कॅडमियम अंगकाठीनं त्याच्यासारखंच. दाराला फरक कळत नाही, ते दोघांनाही आत घेतं. शेतात पाणी तुंबलेलं असेपर्यंत भीती कमी असते. चिखलात हवा नसते आणि कॅडमियम गंधकाशी बांधलं जाऊन निपचित पडतं. पण दाणा भरत आला की शेतकरी बांध फोडून पाणी सोडतो. माती श्वास घेते, गंधकाचा बंध सुटतो, आणि नेमक्या त्याच पंधरा दिवसांत मुळं मोकळं झालेलं विष ओढून दाण्याकडे रवाना करतात.

आठल्यांनी दार बंद करायचा खटाटोप केला नाही. मँगनीज अडलं तर पीक पिवळं पडतं. त्यांनी आतली व्यवस्था बदलली. मुळाच्या प्रत्येक पेशीत पाण्यानं भरलेली एक पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. पिशवीच्या भिंतीवर छोटे पंप असतात. ते नको असलेला धातू आत ढकलतात आणि आत गेलेलं बाहेर येऊ देत नाहीत. साध्या भातात हे पंप थोडे आणि सुस्त. रोधकच्या मुळात आठल्यांनी ते सातपट केले. कॅडमियम मुळात यायचं आणि तिथंच कोंडलं जायचं. वर दाणा स्वच्छ. परवानगीच्या विसाव्या हिश्शाएवढंही विष नाही.

फक्त एक अडचण होती. कापणीनंतर मूळ शेतात कुजलं की पिशव्या फुटणार आणि कोंडलेलं सगळं पुन्हा मातीत येणार. म्हणून आठल्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेत नववी सूचना होती: ‘कापणीनंतर मुळे धसकटांसह उपटून शेताबाहेर काढावीत व नष्ट करावीत. शेतात कुजू देऊ नयेत.’ त्यासाठी केंद्रानं मूळ उपटायचं यंत्रही दिलं होतं.

दर वर्षीच्या अहवालात सातवा रकाना असे: ‘शेतकऱ्यांकडून सूचनांचे पालन (टक्के)’. आठल्ये एका संध्याकाळी बांधावरून चक्कर मारत, दोन-चार धसकटं राहिलेली दिसत, आणि परत येऊन साठ लिहीत. एका वर्षी बासष्ट लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांना बरं वाटत होतं.

*

मंगळवारी निकिता आली ती आत येऊन दार लावून घेत. कालच्या अपमानाचा वचपा काढावा असा तो क्षण होता. पण तिनं कागद फक्त टेबलावर ठेवला आणि नजर खिडकीकडे वळवली.

आठल्यांनी आकडा वाचला. मग तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच त्यांच्या कुपीत काहीतरी ओतलं असावं.

“तुमचं किट बिघडलंय.”

“मलाही तसंच वाटलं, सर. दोनदा केलं.”

“किटमधलं तुम्हाला काय कळतं? जा.”

ती गेल्यावर त्यांनी केंद्राच्या यंत्रावर स्वतःचा नवा नमुना लावला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. आकडा तिळभर इकडेतिकडे झाला, पण खाली आला नाही. एकतीस बायकांच्या यादीत आपण कुठे बसतो ते त्यांनी पाहिलं. वरून तिसरे.

त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटला तो अपमान. मूत्रपिंड झिजायचं तर ते विद्वानाचं आणि मशेरी लावणाऱ्या बाईचं एकाच कारणानं झिजावं, यात त्यांना एक प्रकारचा गचाळपणा दिसला.

मग ते बंदूक घेऊन स्वयंपाकघरात शिरले. तांदळाचा डबा: स्वच्छ. त्यांच्या तोंडून चक्क “वा!” निघालं आणि लगेच त्याची लाजही वाटली. पाणी: स्वच्छ. डाळ, चहा, साखर, सुके बोंबील, दूध: काही नाही. मीठही तपासलं. हळद तपासली. दात घासायची पावडर तपासली. बंदूक मुकाट्यानं शून्याच्या आसपासचे आकडे दाखवत राहिली.

दुपारी एक वाजता गुलाब घरत नेहमीसारखी ताट घेऊन आली. बावन्न वर्षांची, विधवा, पाठीत किंचित वाकलेली. केंद्र उघडल्यापासून ती आठल्यांचा स्वयंपाक करत होती, आणि खाली खाडीलगत तिची स्वतःची तीन एकर रोधकची शेती होती. आठ वर्षांत आठल्ये तिच्याशी जेवढं बोलले तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

“जेवा, डॉक्टर. ऊन ऊन हाय तवर.”

“ठेवा.”

त्यांनी ताटातल्या भातावर बंदूक धरली. स्वच्छ. आमटीवर धरली. स्वच्छ. मग लाल माठाच्या भाजीवर धरली.

आठ वर्षांत आठल्यांनी या गावातल्या एकाच गोष्टीची स्तुती केली होती. “तुम्हा लोकांना दुसरं काही नाही, पण माठ जमतो,” असं ते एकदा जेवताना म्हणाले होते. तेव्हापासून डिसेंबर ते मार्च गुलाब त्यांच्या ताटात रोज माठ वाढत असे. घरात स्वतःला पळीभर, डॉक्टरना वाटीभर.

बंदुकीचा आकडा थांबेचना. तो वर वर चढत गेला आणि शेवटी तांबडा झाला.

“ही भाजी कुठली?” आठल्यांनी विचारलं.

“कुठली म्हंजे? आमची. वरच्या वाफ्यातली.”

“वरच्या? खाडीकडची नाही?”

“खारीत माठ व्हतोय का कधी? वरती, ईरीजवल. गोडी जमीन.”

वरच्या जमिनीत कॅडमियमचा कण नव्हता. ते आठल्यांनी स्वतः, गावात आले त्या वर्षी, मोजलं होतं. त्यानंतर मोजायचं कारण पडलं नव्हतं. पुस्तिकेत दाणा तपासायला सांगितलं होतं, ते दाणा तपासत होते.

“चला,” ते म्हणाले.

“आदी जेवा तरी.”

“चला म्हणतो ना!”

*

गावामागच्या चढावर विहिरीभोवती सगळ्यांचे वाफे होते. हिवाळ्यात विहिरीच्या पाण्यावर त्यांच्या अर्ध्या भागात माठ, मुळा, वाल. बाकीच्या अर्ध्यावर उन्हाळ्यात पावसाळ्याची तयारी. पुढच्या वर्षी अदलाबदल. आठल्ये आठ वर्षांत इथं दोनदा आले होते. दोन्ही वेळा खाली बघत, चपला सांभाळत.

गुलाबचा दीर हसुराम तिथं काम करत होता. त्यानं एका मोकळ्या वाफ्यावर हातभर उंचीचा थर रचला होता. खाली शेण, त्यावर पालापाचोळा, आणि सगळ्यात वर वाळलेल्या, काळपट, केसाळ मुळांचे ढीग. तो बारीक माती भुरभुरून थर झाकत होता.

आठल्ये जागच्या जागी थांबले. “हे काय आहे?”

“राब,” लहान पोराला सांगावं तसं हसुरामनं सांगितलं. “उद्या भाजायचा. भाजला का जमीन तापते, गवताचं बी मरतं, राख रव्हते. पाऊस पडला का तेच्यात भात पेरायचा. रोप ईतभर जालं का काढून खाली लावायचं. तुमच्या पुस्तकात नाय काय?”

नव्हतं. आठल्ये पुण्यात वाढले होते. भाताचं रोप त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत उगवायचं. शेतकरी ते कुठेतरी तयार करतो आणि लावतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या ‘कुठेतरी’बद्दल त्यांनी कधी चौकशी केली नव्हती.

त्यांनी मुळांवर बंदूक धरली. मग शेजारच्या, गेल्या वर्षी भाजलेल्या वाफ्याच्या मातीवर. खाली बसून बोटांनी ती उकरली. ती करडी होती, राखेची. त्यातच लाल माठ तरारून उभा होता. खालच्या विषारी शेतांच्या पाचपट कॅडमियम या ‘गोड्या’ जमिनीत होतं. वर पाणी तुंबलेलं नाही, गंधकाचा बंध नाही, सगळं मोकळं. आणि ते आयतं प्यायला पालेभाजी.

“किती वर्षं तुम्ही ही मुळं इथं जाळताय?”

“पाच. तुमचं भात आलं तवापासनं. पयलं झाडांची कवल, पाल्याच्या फांद्या, तोडून आनायचो, डोंगरात जावं लागायचं. ही मुळां ब्येस. धग धरून रव्हतान.”

“अहो, पण कुणी सांगितलं तुम्हाला?” आठल्यांचा आवाज चढला. त्यांना हायसं वाटू लागलं होतं. मूर्खपणा समोर रचून ठेवलेला होता, हातभर उंच. “कुणा शहाण्यानं सांगितलं हे विष इथं आणून जाळा म्हणून?”

“तुमी,” गुलाब म्हणाली.

हसुराम माती भुरभुरायचा थांबला.

“पयल्या साली मी इचाराया आलते,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला फक्त बारकावे पक्के आठवत होते. “तुमी खुर्चीत पुस्तक वाचत व्हते. पाय स्टुलावर. मी इचारलं, डॉक्टर, मुळां काढली, आता तेंचं काय करू? तुमी मान वर नाय केली. बोललाव, जाळा नायतर डोक्यावर घ्या, शेतात नकोत. आता डोक्यावर घेऊन काय करनार? मंग जाळली.”

हसुराम खुदकन हसला. आठल्ये हसले नाहीत. त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. वाक्य मात्र त्यांचंच होतं. असं वाक्य या गावात दुसरं कुणी बोललं नसतं.

“सगळी आणलीत? मुळं?”

“एक नाय ठेवलं. तुमी बांधावर फिरून शिव्या देताव म्हून बायका मागनं जाऊन तुटलेली पन येचतान. आख्खं गाव वरतीच आनतं. ज्याचा तेचा राब.”

आठल्ये बोटांवरची करडी माती झटकत उठले. मग म्हणाले, “हा राब उद्या भाजू नका.”

“मंग पेरू कशावर?” हसुराम म्हणाला. “तुमच्या पुस्तकावर?”

“यात विष आहे. मुळांत कोंडलेलं. जाळलं तरी जळत नाही, राखेत उरतं, थोडं धुरातून छातीत जातं. खालच्या दोनशे एकरांतलं विष तुम्ही... आपण... या पंधरा-सोळा एकरांत आणून ठेवलंय. भाजीतून ते पोटात जातं.”

गुलाबनं पदरानं कपाळ पुसलं. “म्हंजे ती निकी खोटं बोलत नव्हती.”

“नाही.”

“मी हाय तेच्यात. एकतीस जनींत.”

“माहीत आहे,” आठल्ये म्हणाले. खरं तर त्यांना माहीत नव्हतं. यादी त्यांनी पाहिली होती ती फक्त स्वतःची जागा शोधायला. “मीसुद्धा आहे.”

गुलाबनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि मग ती चक्क हसली. “तरी मी बोलतंय, डॉक्टर वाटी चाटूनपुसून ठेवतान. म्हंजे खरंच आवडत व्हती.”

“हो.”

“हे दुखनं बरं व्हतंय का?”

“झिजलेलं भरून येत नाही. पुढं झिजणं थांबवता येतं. ही भाजी आजपासून बंद.”

ती वाफ्याकडे वळली. शंभरेक माठ, गुडघाभर, दाट लाल. एकाला तिनं हात घातला आणि थांबली.

“उपटू सगळा?”

“उपटा.”

“उपटून कुठं टाकू?”

आठल्यांनी तोंड उघडलं.

“नीट सांगा या खेपेस,” गुलाब म्हणाली. “आमी तुमी सांगताव तसंच करताव.”

आणि आठल्यांच्या लक्षात आलं की त्यांना उत्तर माहीत नाही. जाळून उपयोग नाही. पुरलं तर विहीर जवळ. खाडीत टाकलं तर मासे. गुरांना घालता येत नाही. पस्तीस वर्षं त्यांनी विष मुळात कसं कोंडावं याचा अभ्यास केला होता. मूळ कुठं ठेवावं हा प्रश्न त्यांना आपल्या पातळीचा वाटला नव्हता. तो त्यांनी ‘नष्ट करावीत’ या दोन शब्दांत, कुणाच्या तरी अंगणात, फेकून दिला होता.

“थांबा,” ते म्हणाले. “मला विचार करू द्या.”

हसुराम वहिनीकडे बघून हळूच म्हणाला, “पयलाच टाइम.”

*

बुधवारी ते वाफ्यावाफ्यातून फिरले आणि गुरुवारी दिवसभर आकडेमोड केली. पाच वर्षांत खालच्या दोनशे एकरांतलं कॅडमियम नव्वद किलोनं घटलं होतं. या घटीचा त्यांनी दर अहवालात अभिमानानं उल्लेख केला होता. वरच्या वाफ्यांत, रचलेले राब धरून, एक्क्याऐंशी किलो भरलं. उरलेलं धुरात. हिशेब इतका नेमका जुळला की एखाद्या विद्यार्थ्यानं आणला असता तर त्यांनी लबाडीचा संशय घेतला असता.

आणि दुसरी एक गोष्ट. साठ टक्के मुळं निघाली असती तर माती नव्वद किलोनं हलकी झालीच नसती. ती घट मुळी सगळी मुळं निघाल्याशिवाय शक्यच नव्हती. आकडे पाच वर्षं त्यांच्याच अहवालात, एकाखाली एक, उभे होते. सातव्या रकान्यातला साठ त्या आकड्यांना खोटं पाडत होता, आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. दिसणार कसं? मूर्ख माणसं शंभर टक्के काम करतात, ही शक्यता त्यांनी गणितात धरलीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्यांनी संचालक रणदिवे यांना फोन लावला. रणदिवे एके काळी त्यांचा विद्यार्थी होता. त्याच्या प्रबंधातली दोन प्रकरणं आठल्यांनी तुच्छतेनं, पण स्वतःच्या हातानं, दुरुस्त केली होती. आता तो राजधानीत बसे आणि पडद्यावर प्रसन्न दिसे.

सगळं ऐकून तो म्हणाला, “वाईट झालं, सर. तुमच्या तब्येतीचंही. पण यात भाताचा दोष कुठे आहे?”

“भाताचा नाही.”

“तेच. पुस्तिकेत ‘नष्ट करावीत’ लिहिलंय. त्यांनी नष्ट केली का? खायच्या वाफ्यात नेऊन घातली. हा वापरकर्त्यांचा दोष. सातव्या रकान्यात तीस टाका, शेऱ्यात लिहा की जनजागृती आवश्यक. मी वीस हजार पोस्टर छापतो. चाळीस जिल्हे अडलेत, सर.”

“आणि त्या चाळीस जिल्ह्यांत मुळं कुठं जातील?”

“पुस्तिकेनुसार नष्ट होतील.”

“कुठं, रणदिवे? कुणाच्या चुलीत जातील, कुणाच्या उकिरड्यात, कुणाच्या वीटभट्टीत. प्रत्येक गावात वाळलेल्या काडीची जागा ठरलेली असते. तुला माहीत आहे त्या कुठल्या?”

“सर,” रणदिवे हसून म्हणाला, “अडाणी लोक काय करतील याचा अभ्यास करत बसलो तर विज्ञान पुढं जाणार कसं? हे तुम्हीच वर्गात म्हणायचात.”

म्हणायचे खरे. वर्ग हसायचाही. आठल्यांनी पडद्यावरच्या त्या गुळगुळीत चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात जुना, ओळखीचा तिटकारा दाटून आला. एवढ्या वर्षांत तो प्रथमच योग्य ठिकाणी आला होता, कारण समोरच्या माणसाच्या तोंडून बोलत होते ते स्वतःच.

“सातव्या रकान्यात तीस लिहिलं तर भात पास,” ते म्हणाले. “शंभर लिहिलं तर?”

“शंभर?” रणदिवे गंभीर झाला. “शंभर लिहिलं तर अर्थ असा होतो की सगळ्यांनी सूचना पाळल्या आणि तरी एकतीस बायका आजारी पडल्या. मग दोष सूचनेत येतो. रोधक थांबतो. किमान तीन-चार वर्षं. तोवर तुम्ही निवृत्त झालेले असाल आणि नव्या अहवालावर नाव दुसऱ्याचं असेल. तुम्ही असं काही करणार नाही, सर. मी ओळखतो तुम्हाला.”

पडदा काळा झाला. आठल्ये अहवाल उघडून बसले. सातव्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. तीस लिहिणं अवघड नव्हतं. पाच वर्षं ते तसाच अंदाजाचा आकडा लिहीत आले होते, कुणी न सांगता, फुकट.

बाहेर चपलांचा आवाज झाला. एकदोघांचा नव्हे, पुष्कळांचा.

ते दारात आले. चढावरून बायका उतरत होत्या. तीसेक तरी असाव्यात, एकीमागे एक, तोंडाला पदर बांधलेला. प्रत्येकीच्या डोक्यावर गोणपाटात घट्ट बांधलेला भारा. काहींतून काळपट, केसाळ मुळं डोकावत होती, काहींतून लाल माठाचे शेंडे. मागून हसुराम आणि आणखी चार-पाच जण हातगाडीवर राखेची पोती रचून आणत होते. निकिता शेवटी चालत, वाटेत पडलेली मुळं हातमोजे घालून वेचत होती.

गुलाब पुढे होती. ती पायरीशी थांबली. भारा खाली न ठेवता तिनं एका हातानं तोंडावरचा पदर सोडला.

“सगल्यांचे राब उसकटले, डॉक्टर. एक नाय ठेवला.” मग ती म्हणाली, “जाळून जाली. आता डोक्यावर घेतलीव. फुडं काय?”

आठल्ये मागे वळले. केंद्राला पक्की, कोरडी, कुलूपबंद होणारी खोली एकच होती. तिच्यात जमिनीपासून छतापर्यंत त्यांची पुस्तकं होती.

“एक मिनिट थांबा,” ते म्हणाले. आत गेले, उभ्यानंच टेबलावर वाकले, आणि सातव्या रकान्यात शंभर लिहून अहवाल पाठवून दिला. मग पुस्तकांच्या खोलीचं कुलूप काढलं आणि पहिल्या फळीवरची पुस्तकं दोन्ही हातांनी बाहेर अंगणात आणून ठेवू लागले.